नाताळची कृतज्ञता

नाताळ हा आनंदाचा सण आहे, हे सर्वजण जाणतात. तो कृतज्ञतेचाही सण आहे, याचा मात्र पुष्कळांना विसर पडतो. दिव्यांच्या माळा, केक आणि दुकानांवरील सवलतीच्या पाट्या यांनी डिसेंबरचा अखेरचा आठवडा व्यापला, की ज्या घटनेबद्दल ख्रिस्ती माणूस परमेश्वराचे आभार मानतो ती घटनाच दृष्टीआड होते.

ती घटना गरिबांच्या जगात घडलेली आहे. लूकच्या शुभवर्तमानानुसार रोमन सम्राट ऑगस्टस याने प्रजेच्या नावनोंदणीचे फर्मान काढले. साम्राज्ये माणसे मोजतात ती प्रामुख्याने करवसुलीसाठी. त्या फर्मानापायी योसेफ आणि गरोदर मरिया यांना नाझरेथहून बेथलेहेमला जावे लागले. तेथे उतरायला जागा मिळाली नाही आणि नवजात बालकाला गव्हाणीत ठेवावे लागले. जन्माची वार्ता प्रथम कळली ती रात्री रानात कळप राखणाऱ्या मेंढपाळांना. त्याही आधी, मूल पोटात असताना, मरियेने परमेश्वराची जी उपकारस्तुती केली तिच्यात सत्ताधीश सिंहासनावरून खाली ओढले जातात, भुकेले तृप्त होतात आणि धनवान रिकाम्या हातांनी परत जातात. नाताळच्या कथेतील ही कृतज्ञता ‘आहे ते ठीक आहे’ असे म्हणणारी नाही. अन्यायाची व्यवस्था पालटेल, या विश्वासातून ती उमटली आहे.

हा भेद महत्त्वाचा आहे. गरिबाने मिळेल त्यात समाधान मानावे आणि देणाऱ्याचे उपकार स्मरावेत, असा उपदेश सर्वच धर्मांच्या नावाने झाला आहे. मजुराची मजुरी हा त्याचा हक्क आहे. तिच्याबद्दल मालकाचे आभार मानायला लावणे ही कृतज्ञता नव्हे, लाचारी होय. खरी कृतज्ञता वेगळ्याच हिशेबाची असते. कर्ज फिटते आणि सावकाराशी संबंध संपतो; ऋण फिटत नाही, म्हणूनच ते माणसाला इतरांशी बांधून ठेवते. ख्रिस्ती उपासनेचे केंद्र असलेल्या ‘यूखरिस्त’ या विधीच्या नावाचा मूळ ग्रीक अर्थच उपकारस्तुती असा आहे. त्या विधीत भाकर अर्पण करताना ती भूमीचे फळ आहे आणि मानवी श्रमांचेही, असा उच्चार होतो. भूमी आणि श्रम या दोहोंचे ऋण एका वाक्यात मान्य करणारी ही प्रार्थना अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही लक्षात ठेवावी अशी आहे.

या ऋणाचा अर्थ महाराष्ट्रात पाहायचा असेल तर वसईकडे पाहावे. पोर्तुगीज सत्तेच्या काळात तेथे रुजलेला ख्रिस्ती धर्म 1739 मध्ये चिमाजी अप्पांनी वसई जिंकल्यानंतरही टिकला आणि तो मराठी मातीतच वाढला. सामवेदी, वाडवळ अशा बोली बोलणारा हा समाज पिढ्यान्‌पिढ्या केळी, भाजी, फुले आणि पानवेलीवर जगला. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (1962–65) उपासनेत लोकभाषेला मोकळीक दिली, तेव्हा तेथील मिस्साही मराठीत होऊ लागली. पुढे शहरीकरणाचा लोंढा आला, बागायती बांधकामाखाली जाऊ लागल्या, विहिरींचे पाणी टँकरने विकले जाऊ लागले. तेव्हा ‘सुवार्ता’ मासिकाचे संपादक फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली हरित वसई संरक्षण समिती उभी राहिली. भूमीबद्दल देवाचे आभार मानायचे आणि तीच भूमी निमूटपणे बिल्डरच्या हाती द्यायची, ही विसंगती त्यांनी पत्करली नाही. हिंदू शेतकरीही या लढ्यात होते, कारण विहिरीच्या पाण्याला धर्म नसतो. त्यांना संपूर्ण यश आले नाही; आज वसईतील कितीतरी बावखले बुजली आहेत. पण प्रार्थनेतून आलेली कृतज्ञता सार्वजनिक कर्तव्य कसे बनते, याचा धडा त्या चळवळीने घालून दिला.

याच दिब्रिटोंची 2019 मध्ये साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदी निवड झाली, तेव्हा केवळ ते धर्मगुरू आहेत म्हणून काहींनी विरोध केला. 2021 च्या नाताळात हरियाणातील अंबाला येथे चर्चच्या आवारातील येशूच्या पुतळ्याची मोडतोड झाली. नाताळची गाणी गाणाऱ्यांना धर्मांतराच्या संशयावरून अडवल्याच्या बातम्याही येत असतात. आपल्याच देशात आपला सण भीत भीत साजरा करावा लागणे ही त्या एका समाजाची अडचण नाही. ज्या संविधानाने प्रत्येकाला उपासनेचे स्वातंत्र्य दिले, त्याचे ऋण आपण विसरत असल्याची ती खूण आहे.

म्हणून कार्यकर्त्यांनी यंदा ख्रिस्ती शेजाऱ्याकडे जावे ते केवळ केक खाण्यासाठी नव्हे. जेथे प्रार्थनासभेला धाक असेल तेथे दाराशी उभे राहावे; जेथे जमीन आणि पाणी हिरावले जात असेल तेथे त्यांच्या बरोबरीने लढ्यात उतरावे. आनंद वाटल्याने वाढतो असे म्हणतात. तथापि, ज्याला तो निर्भयपणे उपभोगता येतो तोच तो वाटू शकतो.