शांत कळफलक आणि शेजारधर्म

लेखन हें एकान्ताचें काम, असें आपण समजतों. परंतु आपल्याकडील बहुतेक घरांत एकान्त मिळतो कोठें? ज्या खोलींत विद्यार्थी संगणकापुढें बसतो, त्याच खोलींत धाकटी बहीण पाढे पाठ करीत असते आणि आजी दिवसभराच्या श्रमानें डोळे मिटून पडलेली असते. अशा घरीं रात्रीं दहा वाजतां खडखडाट सुरू झाला, म्हणजे एकाचा अभ्यास तो दुसऱ्याचा उपद्रव होतो. म्हणून कळफलक, ज्यास बाजारांत कीबोर्ड म्हणतात, तो घेतांना प्रथम त्याचा आवाज ऐकावा, असें माझें मत आहे.

हा आवाज होतो कशानें? दाबलेली कळ तळाशीं आपटते आणि वर परततांना पुन्हां एकदां आदळते. साध्या कळफलकांत कळांखालीं रबराच्या लहान टोप्या असतात. त्या हा आघात पुष्कळसा झेलतात. यांत्रिक कळफलकांत प्रत्येक कळेस स्वतंत्र स्प्रिंग व खटका असतो. त्यांतील निळ्या खटक्यांत ‘टक्’ असा आवाज मुद्दाम योजिलेला असतो. तांबडे खटके त्या मानानें शांत असतात. आणि ज्यांत आघात शोषणारी रबराची गादी बसविलेली असते, ते सर्वांत शांत.

येथें कोणी म्हणेल कीं, यांत्रिक कळफलक टिकतो अधिक. तें खरें आहे. त्याची एकेक कळ पांच ते दहा कोटी ठोके सोसते, आणि रबराची पन्नास लक्ष ते एक कोटी, असें निर्माते सांगतात. परंतु ह्या कोटींनीं दिपून जाण्यापूर्वीं थोडें गणित करावें. टंकलेखनाच्या शासनमान्य परीक्षेची आरंभीची गति मिनिटास ३० शब्दांची. एका शब्दास पांच ठोके धरिले, तर तासास ९,००० ठोके झाले. रोज एक तास याप्रमाणें वर्षांतील ३०० दिवस सराव केला, तरी सर्व कळा मिळून ठोके होतात २७ लक्ष. त्यांपैकीं सर्वांत राबणाऱ्या, शब्दांमधील अंतराच्या लांब कळेच्या वांट्यास पांचवा हिस्सा, म्हणजे साडेपांच लक्षांच्या आंतच येतात. ह्या हिशेबानें रबराची साधी कळही नऊ वर्षें पुरावी! मग पालकांच्या कष्टाचा पैसा कोटींच्या मोहांत कां दवडावा?

वस्तुतः कळफलक मरतो तो ठोक्यांनीं नव्हे. तो मरतो धुळीनें, सांडलेल्या चहानें आणि ओढलेल्या तारेनें. पुसेगावच्या परिसरांत हळदीच्या हंगामांत व उन्हाळ्यांत धुळीला तोटा नसतो. म्हणून कळा काढून पुसतां येतात कीं नाहीं, तार जाड आहे कीं नाहीं, हें पाहावें. काम संपतांच वर धुतलेलें फडकें घालावें.

अक्षरांचीही गोष्ट अशीच. नुसती शाईनें छापलेलीं अक्षरें घामानें पुसतात. कळेच्या अंगांतच दुसऱ्या रंगानें ओतलेलीं टिकतात. मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या तर लवकरच सुटूं लागतात. त्यावर खरा उपाय म्हणजे अक्षरें बोटांस पाठ करणें. शासनानें १९८६ सालीं स्वीकारलेल्या इन्स्क्रिप्ट रचनेंत स्वर डाव्या हातास व बहुतेक व्यंजनें उजव्या हातास आहेत. जेथें ‘क’, तेथेंच शिफ्टसह ‘ख’. इतकी सुबोध रचना पाठ झाली, कीं छाप पुसला तरी काम अडत नाहीं.

विद्यार्थिमित्रांनो, दुकानांत गेल्यावर लांब कळ आणि एंटरची कळ चार वेळां दाबून पाहा. खुळखुळाट असेल, तर तो बहुधा तेथेंच ऐकूं येतो. घरीं कळफलकाखालीं जाड कापडाची घडी घाला. आणि इतकें करूनही आवाज उरला, तर दोष वस्तूचा नसून हाताचा आहे, असें समजा. हलक्या हातानें लिहिणाऱ्याची कळही टिकते आणि शेजाऱ्याची झोंपही. आपल्या विद्येचा भार दुसऱ्याच्या कानांवर पडूं न देणें, हाही शिक्षणाचाच एक भाग होय.