शहराची तळी आणि सूर्येचे पाणी

ठाणे जिल्ह्यातील मिरा-भाईंदर हे आज दाट वस्तीचे शहर असले, तरी त्याची घडण शेतकऱ्यांच्या, आगऱ्यांच्या व कोळ्यांच्या गावांतून झाली आहे. नवघर, गोडदेव, राई, मुर्धे, मोर्वे ही गावे एके काळी भात व मीठ पिकवीत. खाडीचे पाणी खारे. म्हणून पावसाचे गोडे पाणी धरून ठेवणाऱ्या गावतळ्यास मोठे मोल असे. १९८५ साली नगरपरिषद व २००२ साली महानगरपालिका स्थापन झाली. शेते गेली, तळी मात्र काही ठिकाणी उरली.

ह्या शहरास स्वतःचे धरण नाही. उल्हास नदीचे आणि बारवी धरणाचे पाणी त्यास पुरविण्यात येते. त्यात सूर्या प्रकल्पाची भर पडावयाची म्हणून ४०३ दशलक्ष लिटरची योजना आखण्यात आली व तीत मिरा-भाईंदरचा वाटा रोजचा २१८ दशलक्ष लिटर ठरविण्यात आला. सूर्या नदीवरील धामणी धरण व कवडास बंधारा हे मुळात पालघर, डहाणू व विक्रमगड ह्या भागांतील शेतीच्या सिंचनासाठी बांधलेले आहेत. उन्हाळी भाताच्या एका हेक्टरास हंगामभर साधारणतः सव्वा ते दीड कोटी लिटर पाणी लागते. म्हणजे शहराच्या एका दिवसाच्या वाट्यात सुमारे पंधरा हेक्टर भात पिकते. पाणी शहराकडे वळविण्यास तेथील शेतकऱ्यांनी व आदिवासींनी विरोध केला, तो ह्या हिशेबाने समजून घ्यावयास पाहिजे.

शहरवासीयांस पिण्याचे पाणी मिळू नये, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु दुसऱ्याच्या शिवारातून पाणी आणणाऱ्याने आपल्या दारचे पाणी नासू देणे योग्य नव्हे. एक हेक्टर विस्ताराच्या व दोन मीटर खोलीच्या तळ्यात दोन कोटी लिटर पाणी मावते. अशी अकरा तळी भरली, तरी ती शहराच्या वाट्याचा एकच दिवस भागवतील. तेव्हा तळ्यांनी नळाची जागा घ्यावी, हे म्हणणे फोल आहे. उद्याने शिंपणे, रस्ते धुणे, बांधकाम, आग विझविणे ह्या कामांसाठी मात्र दुरून आणून शुद्ध केलेले पाणी खर्च करण्याचे कारण नाही. शिवाय कोकणच्या पावसात शहरात तुंबणाऱ्या पाण्यापैकी काही भाग तळे पोटात घेते.

तळ्यांचे सुशोभन म्हणजे कठडा, पदपथ, बाके व दिवे, अशी समजूत रूढ झाली आहे. बाके मोजता येतात. पाण्याची खोली मोजण्याचा त्रास कोण घेणार? सिमेंटची भिंत चहूबाजूंनी उभी राहिली, की पावसाचे ओहोळ बाहेरच अडतात आणि सांडपाण्याची मोरी तेवढी आत शिरते. फाटकास कुलूप लागले, की ज्या गावाने तळे राखले त्यासच काठावर उतरता येत नाही. आणि ज्या पाण्याजवळ कोणी जात नाही, त्याची तक्रारही कोणी करीत नाही. २०११ साली जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटविण्याचा आदेश सर्व राज्यांना दिला. त्या प्रकरणाचा विषय पंजाबातील एक गावतळेच होते.

महानगरपालिकेने प्रत्येक तळ्याची हद्द मोजून तीवर दगड रोवावेत, एक घाट सदैव खुला ठेवावा व सांडपाण्याची वाट आधी तोडावी. गाळ उन्हाळ्यात, पाणी तळाशी गेल्यावर काढावा. हा गाळ मिळाल्यास शेतकऱ्यांनी तो तसाच शेतात पसरू नये. खाडीकाठच्या गाळात क्षार व शहरी गाळात सांडपाण्याचे विषारी अंश असू शकतात. नमुना प्रथम माती परीक्षण प्रयोगशाळेत द्यावा, विषारी धातूंची तपासणी सांगून करवून घ्यावी आणि दोष आढळल्यास तो गाळ भातखाचरात मुळीच टाकू नये.