विंडोज १० गेले, आता अभ्यासिकेतल्या संगणकाचे काय?

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० चे मोफत सुरक्षा अपडेट थांबवले. आपल्याकडे या बातमीची फारशी चर्चा झाली नाही, कारण त्या दिवशी एकही संगणक बंद पडला नाही. दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेतला संगणक नेहमीसारखा सुरू झाला, एमपीएससीचे अर्ज भरले गेले, हॉल तिकिटांच्या प्रिंट निघाल्या. थांबली ती दुरुस्ती. घरगुती वापरकर्त्यांना कंपनीने १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव मुदत दिली, पण त्यासाठी मायक्रोसॉफ्टचे खाते उघडून नोंदणी करावी लागते. दुकानदाराने पेनड्राइव्हमधून टाकून दिलेल्या क्रॅक प्रतीवर ज्यांचे संगणक चालतात, ते ही नोंदणी करायला जाणार आहेत का? उत्तर आपल्या सगळ्यांना ठाऊक आहे.

विंडोज ११ वर जावे, तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. आपल्या वाचनालयांत, अभ्यासिकांत येणारे संगणक बहुतेक कंपन्यांनी बदलून टाकलेले, कुणीतरी दान दिलेले, चौथ्या-पाचव्या पिढीचे. ते उत्तम चालतात, पण कंपनीच्या नियमात बसत नाहीत. म्हणून हल्ली एक सल्ला सर्रास ऐकू येतो: लिनक्स टाका, ते ओपन सोर्स आहे, त्याला व्हायरस लागत नाही. सल्ल्यातला पहिला भाग आम्हाला मान्य आहे. मात्र त्याचे जे कारण दिले जाते ते अर्धेच खरे आहे, आणि अर्ध्या खऱ्या कारणावर विसंबलेला कार्यकर्ता जास्त धोक्यात असतो.

ओपन सोर्स म्हणजे ज्या सूचनांनी ऑपरेटिंग सिस्टीम बनते, तो सोर्स कोड कुणालाही वाचता, तपासता, बदलता येतो. विंडोजचा कोड कंपनीच्या ताब्यात असतो. संस्थेचा हिशेब डोळ्यांसमोर आणा. एका मंडळाची हिशेबाची वही टेबलावर उघडी असते; दुसऱ्या मंडळाची अध्यक्षांच्या कपाटात, कुलपात. दुसऱ्या मंडळाचा हिशेब चोखही असू शकेल, पण तो आपल्याला अध्यक्षांच्या शब्दावर मानावा लागतो. पहिल्या मंडळाबद्दल मात्र आपण एक चूक नेहमी करतो. वही उघडी आहे, म्हणजे कुणीतरी वाचलीच असेल, असे धरून चालतो.

ही चूक जगाला २०१४ च्या एप्रिलमध्ये कळली. इंटरनेटवरच्या असंख्य सर्व्हरांची गुप्तता सांभाळणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त प्रणालीत ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष सापडला. सर्व्हरच्या मेमरीतले पासवर्ड आणि गुप्त किल्ल्या बाहेरचा माणूस ओढून घेऊ शकत होता. सदोष आवृत्ती २०१२ पासून वापरात होती. दोन वर्षे कोड सगळ्यांसमोर उघडा होता आणि कुणाच्या लक्षात आले नाही. ज्या प्रणालीवर अब्जावधींचे व्यवहार चालत होते, तिची देखभाल मूठभर माणसे करत होती, आणि तिला मिळणाऱ्या देणग्या वर्षाला दोन हजार डॉलरच्या आसपास होत्या. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लिनक्समधल्या ‘बॅश’ या जुन्या भागात सापडलेला ‘शेलशॉक’ तर १९८९ पासून तिथे होता.

मग बंद कपाट बरे का? कपाट बंद असते ते आपल्यासाठी. मायक्रोसॉफ्ट २००३ पासून एका खास कार्यक्रमाखाली सरकारांना आपला कोड पाहू देते. २०२० च्या सोलरविंड्स हल्ल्यात घुसखोरांनी आपल्या सोर्स कोडचा काही भाग पाहिल्याचे कंपनीने स्वतःच जाहीर केले. सरकार पाहू शकते, पोहोचलेला चोर पाहू शकतो. राहतो तो वापरणारा.

वॉनाक्रायची गोष्ट याहून बोलकी आहे. विंडोजमधला एक दोष अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेला माहीत होता. तिने तो कंपनीला न सांगता हत्यार म्हणून जपून ठेवला. पुढे ते हत्यार चोरीला गेले, एप्रिल २०१७ मध्ये उघड्यावर आले आणि १२ मे रोजी त्याचा वापर करून खंडणीखोरांनी सुमारे दीडशे देशांतले दोन लाखांहून अधिक संगणक कुलूपबंद केले. ब्रिटनमधल्या रुग्णालयांना शस्त्रक्रिया पुढे ढकलाव्या लागल्या, आपल्याकडे आंध्र प्रदेश पोलिसांचे काही संगणक अडकले. जूनमध्ये त्याच दोषाचा फायदा घेणाऱ्या नॉटपेट्याने नवी मुंबईजवळच्या जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले.

यात अनेकदा सुटून जाणारी तारीख आहे १४ मार्च २०१७. हल्ल्याच्या दोन महिने आधी, त्या दिवशी मायक्रोसॉफ्टने या दोषावरची दुरुस्ती प्रसिद्ध केली होती. जे संगणक पडले, त्यांच्यापर्यंत ती पोहोचलीच नव्हती. कुणी अपडेट बंद ठेवले होते, कुणाची आवृत्ती इतकी जुनी होती की तिला दुरुस्ती मिळतच नव्हती. आम्हाला यातच सुरक्षेचा खरा निकष दिसतो. दोष दोन्हीकडे निघतात आणि निघत राहणार. तो कोण शोधू शकतो, शोधल्यावर किती दिवसांत बुजवला जातो आणि ती दुरुस्ती शेवटच्या, दान मिळालेल्या, जुन्या संगणकापर्यंत पोहोचते का, हे पाहायचे.

या कसोटीवर ओपन सोर्सची बाजू कुठे जड होते, ते २०२४ मध्ये दिसले. ‘एक्सझेड’ ही फाइली दाबून लहान करणारी छोटीशी प्रणाली जवळपास प्रत्येक लिनक्समध्ये असते. ती सांभाळणारा मुख्य माणूस एकटा आणि थकलेला. ‘जिया टॅन’ नाव घेतलेल्या कुणीतरी दोनेक वर्षे चांगले काम करून त्याचा विश्वास कमावला आणि मग तिच्यात चोरदरवाजा घातला. तो पकडला आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने. सर्व्हरवर लॉगिन व्हायला नेहमीपेक्षा अर्धा सेकंद जास्त का लागतो, एवढ्याच शंकेवरून त्याने माग काढला आणि २९ मार्च २०२४ रोजी जाहीर केले. चोरदरवाजा तोवर प्रमुख लिनक्स प्रणालींच्या चाचणी आवृत्त्यांपर्यंतच पोहोचला होता. सामान्यांचे संगणक वाचले. (हा अभियंता नोकरीला मायक्रोसॉफ्टमध्ये होता, हेही सांगून टाकू.) शंका आल्यावर त्याला कुणाची परवानगी मागावी लागली नाही, कारण वही उघडी होती. पण हे थोडक्यात निभावले, आणि विश्वास कमावून आत शिरणारी माणसे चळवळीतल्या लोकांना नवी नाहीत.

आता आपल्या संगणकाकडे येऊ. आपल्यापुढचा पर्याय ‘विंडोज की लिनक्स’ असा सरळ नाहीच. विकत घेतलेले, रोज अपडेट होणारे विंडोज ११ एका बाजूला आणि लिनक्स दुसऱ्या बाजूला असते, तर आम्ही म्हटले असते की जे नीट वापरता येते ते वापरा. इथे एका बाजूला क्रॅक केलेले विंडोज १० आहे. त्याचे अपडेट बहुधा पहिल्याच दिवशी बंद केलेले असतात, आणि ते ‘ॲक्टिव्हेट’ करायला वापरलेले फुकटचे साधन हा व्हायरस पसरवण्याचा जुना मार्ग आहे. अशा संगणकावर जातीच्या दाखल्यांचे स्कॅन, आधारच्या प्रती, शिष्यवृत्तीच्या अर्जांचे पासवर्ड, बँक पासबुकचे फोटो पडलेले असतात. एका मुलीचा अर्ज शेवटच्या तारखेला दुसऱ्याच कुणी उघडून बदलला, तर तिचे वर्ष जाते. याच्या तुलनेत जुन्या संगणकावर लिनक्स मिंट किंवा उबुंटू टाकणे नक्कीच सुरक्षित आहे. प्रत अधिकृत असते, फुकट असते, चार जीबी रॅमवर चालते, आणि ब्राउझरपासून ऑफिसपर्यंतचे सगळे एकाच अधिकृत भांडारातून अपडेट होते. डिस्क पूर्ण कुलूपबंद करण्याची सोयही बसवतानाच मिळते.

व्हायरस लागत नाही, हे मात्र डोक्यातून काढा. डेस्कटॉपवर लिनक्स वापरणारे थोडे, म्हणून हल्लेखोरांना त्यात रस थोडा, हेही त्यामागचे एक कारण आहे. जिथे लिनक्स भरपूर आहे तिथे हल्लेही भरपूर होतात: २०१६ मध्ये ‘मिराई’ने लाखो सीसीटीव्ही कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले. ते लिनक्सवरच चालत होते, आणि त्यांचे कारखान्यातून आलेले पासवर्ड कुणी बदलले नव्हते. शिवाय लिनक्सलाही मुदत असते. उबुंटू २०.०४ ची पाच वर्षांची मोफत दुरुस्ती मे २०२५ मध्ये संपली. ते टाकून विसरून गेलेल्यांची अवस्था विंडोज १० वाल्यांसारखीच आहे. फरक इतकाच की पुढची आवृत्ती फुकट मिळते आणि जुन्या संगणकाला हाकलून देत नाही.

कार्यकर्त्यांसाठी आणखी एक प्रकरण महत्त्वाचे आहे. एल्गार परिषद-भीमा कोरेगाव खटल्यातले आरोपी रोना विल्सन यांच्या लॅपटॉपची तपासणी अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगने केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आलेल्या तिच्या अहवालानुसार, १३ जून २०१६ रोजी ईमेलने आलेली फाइल उघडल्यावर ‘नेटवायर’ नावाचा हेर त्या संगणकात शिरला, २२ महिने तिथे राहिला आणि बाहेरून कागदपत्रे पेरली गेली. एनआयएने हा निष्कर्ष मान्य केलेला नाही आणि निवाडा न्यायालयाचा आहे. आपल्या विषयापुरते पाहायचे ते असे, की अहवालानुसार दार मालकाकडूनच उघडवून घेतले गेले, ओळखीच्या माणसाच्या खात्यावरून आलेल्या पत्राने. आणि नेटवायर विंडोज, मॅक व लिनक्स, तिन्हींवर चालणारे साधन होते. ‘अर्जंट, लगेच उघडा’ म्हणणारी जोडलेली फाइल उघडण्याआधी पाठवणाऱ्याला फोन करून विचारणे, हे काम कुठलीही ऑपरेटिंग सिस्टीम आपल्यासाठी करत नाही.

मोबाइलचा प्रश्न वेगळ्या लेखाचा आहे. इथे एवढेच: अँड्रॉइडचा गाभा लिनक्सचा असूनही स्वस्त फोनला काही वर्षांत अपडेट मिळणे थांबते, आणि बंदिस्त आयफोनमध्येही पेगासस शिरले होते. फोनच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युरिटी अपडेट’ची शेवटची तारीख दिसते. ती वर्षभर जुनी असेल, तर त्या फोनवर आंदोलनाच्या नियोजनाचा ग्रुप ठेवू नये.

केरळच्या सरकारी शाळांतली मुले कित्येक वर्षे लिनक्सवरच संगणक शिकतात. आपल्याकडे एमएस-सीआयटीपासून सगळे विंडोज धरूनच शिकवले जाते. त्यामुळे ‘मुलांना जमणार नाही’ ही भीती असते. महिनाभरात ती जाते, कारण बहुतेक काम ब्राउझरमध्येच असते आणि युनिकोड मराठी दोन्हीकडे सारखी चालते. खरी अडचण डीटीपीची आहे. पत्रके श्रीलिपीत, फ्लेक्स कोरलड्रॉमध्ये, आणि हे लिनक्सवर सरळ चालत नाही. तेव्हा एक विंडोज संगणक डीटीपीसाठी ठेवावा, त्याचे इंटरनेट काढून टाकावे आणि लोकांची कागदपत्रे त्यावर ठेवू नयेत. बाकीच्यांवरचा सगळा डेटा आधी बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्यावा, मग एका संगणकावर लिनक्स टाकून दोन आठवडे वापरून पाहावे. प्रिंटर आणि स्कॅनर चालतो का, ते पहिल्याच दिवशी तपासावे. आणि हे काम जयंतीच्या धावपळीत, एप्रिलमध्ये काढू नये.