ठिपके सगळ्यात शेवटी बघा

मागच्या शनिवारची गोष्ट. टीममधला एक मित्र सध्या ऑनसाइट आहे, कोस्टा रिकाला. रात्री रानात काढलेला एक फोटो त्याने पाठवला. तपकिरी अंग, कुशीवर पांढऱ्या ठिपक्यांच्या ओळी, शेपूट जवळजवळ नाहीच. "हे काय आहे रे?" मी सीवूड्सच्या बाल्कनीत चहा पीत दोन सेकंदांत उत्तर ठोकलं, "पिसोरी! आपल्या सह्याद्रीत असते ती."

मग आईला कौतुकाने फोटो दाखवला. तिचं लहानपण सावंतवाडीकडे, रानाच्या काठावर गेलेलं. ती म्हणाली, "ही पिसोरी न्हय रे. पाय बघ."

बघितले. खूर नव्हतेच, बोटं होती! पुढे चार, मागे पाच. तो निघाला 'पाका'. उंदीर-घुशींसारखाच कुरतडणारा प्राणी, पण सहा ते बारा किलोचा. मेक्सिकोपासून दक्षिण अमेरिकेपर्यंतच्या जंगलांत राहतो. आपली पिसोरी जेमतेम तीन किलोची, खुरांची आणि रवंथ करणारी. इंग्रजीत तिला 'माऊस डिअर' म्हणतात, पण उंदराशी नातं शून्य. आणि गंमत म्हणजे ती खऱ्या हरणांच्या कुळातलीही नाही. नराला शिंगं नसतात, सुळे असतात.

मग दोघं इतके सारखे का? कारण दोघांपुढचा प्रश्न एकच: जंगलातल्या जमिनीवर पडलेली फळं खायची आणि कुणाच्या नजरेत यायचं नाही. ठिपके हे त्याचं उत्तर. ते प्राणी कुठे राहतो ते सांगतात, कुणाचा कोण ते नाही. ते सांगतात पाय आणि दात. आमच्या धंद्यात हे रोज दिसतं. एरर मेसेज तोच, बग मात्र भलताच.

माझी चूक झाली तेव्हा फार तर हसं झालं. पण उलटी झाली तर? घाटातल्या रस्त्यावर गाडीच्या उजेडात काहीतरी बुटकं, पाठीत वाकलेलं पळतं आणि कुणीतरी ओरडतं, "घूस! मार!" ती पिसोरी असू शकते. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीतली, म्हणजे वाघाच्या पंक्तीतली. तिथे दोन सेकंदांचं उत्तर तिच्या जिवावर बेतेल.

म्हणून माझं मत असं की नाव सुचलं तरी लगेच बोलू नये. आधी पाय बघावेत, दिसले तर दात, ठिपके शेवटी. आणि पाय दिसत नसतील तर "माहीत नाही" म्हणावं. मला हे दोन शब्द अजून जड जातात.

असो. मित्राला दुरुस्ती कळवली आहे. श्रेय अर्थात आईचं.