"दुधाचाच दात आहे, पडेल आपोआप!"



मागच्या वर्षी माझ्या दुसरीच्या वर्गातली एक मुलगी दुपारची खिचडी एकाच बाजूने चावायची. निम्मी तशीच ताटात राहायची. एरवी बडबडी पोर, पण हळूहळू गप्प झाली, मधूनमधून गैरहजर राहू लागली. तिच्या आईला विचारलं तर म्हणाली, "दाढ दुखते तिची. पण दुधाचाच दात आहे मॅडम, पडेल आपोआप." मलाही ते पटलं. दोन महिन्यांनी ती गाल सुजवून आली, तेव्हा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, ही दाढ दुधाची नाही, कायमची आहे. शेवटी ती काढावी लागली. आठव्या वर्षी कायमची दाढ गेली, आता तिथे दुसरी येणार नाही.

चूक आईची एकटीची नव्हती. रोज समोर बसणाऱ्या मुलीचं दुखणं मला दिसत होतं, तरी मीही वाट बघितली.

आपण काय विसरतो? मुलांना दुधाचे वीस दात असतात. साधारण सहाव्या वर्षी, म्हणजे पहिलीच्या सुमारास, त्यांच्या मागे वर दोन आणि खाली दोन अशा चार कायमच्या दाढा येतात. त्या येताना कुठलाही दात पडत नाही, म्हणून घरात कुणाच्या लक्षातच येत नाही. त्यांच्यावर खोल खाचा असतात, त्यात अन्न अडकतं आणि मुलाचा ब्रश तिथपर्यंत पोचत नाही.

बरं, दुधाचे दात तरी फुकटचे आहेत का? पुढचे सहा-सात वर्षांचे असताना पडतात, पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत टिकाव्या लागतात. म्हणजे जवळजवळ सगळी प्राथमिक शाळा मूल त्यांच्यावरच जेवतं. शिवाय त्या कायमच्या दातांची जागा राखून ठेवतात. लवकर गेल्या तर शेजारचे दात सरकतात आणि नवे वाकडेतिकडे येतात.

'कीड' या शब्दानेही आपला घोळ होतो. दातात अळी वगैरे नसते. तोंडातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात आणि ते आम्ल दाताचं वरचं कठीण आवरण झिजवतं. लाळ ही झीज भरून काढत असते, पण तिला वेळ लागतो. म्हणून किती गोड खाल्लं यापेक्षा किती वेळा खाल्लं, हे जास्त महत्त्वाचं. जेवणात खाल्लेला एक लाडू परवडला, पण दुपारभर एकेक करून संपवलेला बिस्किटांचा पुडा नाही. रात्री लाळ कमी सुटते, त्यामुळे झोपताना दूध पिऊन तसंच झोपणं सगळ्यात वाईट.

सुरुवातीला दातावर फक्त पांढुरका डाग दिसतो. तेव्हा नीट काळजी घेतली आणि फ्लोराइड मिळालं तर तो सुधारू शकतो. खड्डा पडला की मात्र कीड साफ करून तो भरून घ्यावा लागतो. नसेपर्यंत पोचली तर उपचार वाढतो, खर्चही वाढतो. लवंगेने किंवा गोळीने दुखणं थांबतं, कीड थांबत नाही. आणि मिश्री तर मुलांच्या हाताला लागूच देऊ नका, ती तंबाखूच आहे.

आता थोडं आपल्या शाळेबद्दल. "दात किती वेळा घासावेत?" या प्रश्नाला मूल "दोन वेळा" म्हणतं, आपण शाबासकी देतो आणि वर बक्षीस म्हणून चॉकलेट! मीही देत होते. वाढदिवसाला तर वर्गभर चॉकलेट वाटायचं हा नियमच झालाय. पस्तीस मुलांचा वर्ग म्हणजे वर्षाला पस्तीस वाढदिवस. माझं स्पष्ट मत आहे, हे शाळेतून बंद व्हायला हवं. माझ्या वर्गात आता फुटाणे, शेंगदाणे किंवा वर्गाच्या पेटीसाठी एक गोष्टीचं पुस्तक चालतं. मुलं दोन दिवस कुरकुरली, नंतर विसरली.

खिचडीनंतर सगळ्यांनी खळखळून चूळ भरायची, याला दोन मिनिटंही लागत नाहीत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येतं, त्यांच्या तपासणीत किडलेले दातही असतात. पण पुढे पाठवायची चिठ्ठी दप्तरातच राहते. ती पालकांच्या हातात पोचली का आणि मूल दवाखान्यात गेलं का, हे विचारणं आपलंच काम आहे.

पालकांना एवढीच विनंती: सात-आठ वर्षांपर्यंत मुलाचे दात रात्री तुम्ही स्वतः घासून द्या. तीन वर्षांच्या आत तांदळाच्या दाण्याएवढी आणि त्यानंतर वाटाण्याएवढी फ्लोराइडची पेस्ट पुरते, ती गिळू देऊ नका. तुमच्या गावच्या पाण्यात फ्लोराइड जास्त असेल तर पेस्टबद्दल आधी डॉक्टरांना विचारा.

आणि आज रात्री मुलाला "आ" करायला सांगून सगळ्यात मागची दाढ बॅटरीच्या उजेडात बघा. मी ती दोन महिने आधी बघितली असती, तर कदाचित वाचली असती.