थाई हॉटेल आणि दोन बाटल्या

लेकीला आर्टिकलशिपचा पहिला स्टायपेंड मिळाला तेव्हा तिने जाहीर केलं, या वेळी बिर्याणी नाही, तंदुरी नाही आणि घरी पार्सल तर मुळीच नाही. आपण सगळ्यांनी थाई जेवायला जायचं, दादींनाही न्यायचं. कोंढव्यातल्या आमच्या घरापासून रिक्षाने दहा मिनिटांवर एक लहानसं थाई हॉटेल निघालं आहे, तिथे. सासूबाईंचं वय बहात्तर. त्यांच्या लेखी बाहेर जाणं म्हणजे कॅम्पातल्या इराण्याकडे चहा आणि मस्का-पाव, तोही मरहूम सासरे होते तेव्हाचा. पण नातीच्या पहिल्या कमाईचं जेवण म्हटल्यावर त्यांनी इस्त्रीचा दुपट्टा काढला.

मेन्यूकार्ड हातात आलं आणि माझ्या मनात नेहमीचा प्रश्न आला. चिकन कुठून येतं? स्वयंपाकात वाईन घालतात का? मी वेटरला हाक मारायला हात वर केला, तोच टेबलाखालून लेकीने माझा दुसरा हात दाबला. “मम्मी, इथे नको ना.” तिच्या डोळ्यांत इतकी अजिजी होती की मी हात खाली घेतला. मग आपल्यापैकी पुष्कळ जण करतात तेच केलं. शाकाहारी मागवलं. साधा भात, भाज्यांची ग्रीन करी, आणि तुळशीसारख्या पानांत परतलेल्या भाज्या. शाकाहारी घेतलं की सगळे प्रश्न मिटले, असा आपला एक समज असतो.

जेवण छान होतं, हे कबूल केलं पाहिजे. परतलेल्या भाज्यांना काळपट, चकचकीत रस होता. खारट, किंचित गोड. सासूबाईंना सगळ्यात जास्त तेच आवडलं, त्यांनी दोनदा घेतलं. लेकीने ऐटीत बिल दिलं. निघताना धाकटा स्वयंपाकघराच्या खिडकीशी रेंगाळला. वय वर्षं तेरा, दिसेल ते वाचायची सवय. तिथूनच ओरडला, “मम्मी, या सॉसच्या बाटलीवर कालवं काढलीयत!”

रिक्षात कोणी बोललं नाही.

इथे थोडं घरचं सांगायला हवं. माझं माहेर दापोलीकडचं. आम्ही कोकणी मुसलमान शाफई. समुद्रातलं बहुतेक सगळं आमच्याकडे चालतं. भरती ओसरली की खडकावरून फोडून आणलेली कालवं, सुका जवळा, कोळंबीची खिचडी, यावरच मी वाढले. सासर हनफी. त्यांच्याकडे समुद्रातली फक्त मासळी. खेकडे, शिंपल्या, कालवं नाहीत. कोळंबीबद्दल हनफी उलमांमध्येच दोन मतं आहेत आणि अनेक हनफी घरांत ती बिनदिक्कत शिजते, पण सासूबाई कोळंबीलाही हात लावत नाहीत. बावीस वर्षांत त्यांनी मला कधी अडवलं नाही. माझ्यासाठी वेगळी कढई आणली, ती त्यांनीच. त्यामुळे आता कालवांच्या सॉसने परतलेली भाजी त्यांच्या पोटात गेली असेल, हा विचार मला सोसवेना.

घरी आल्यावर त्यांनी वजू केला, इशाची नमाज पढली आणि मुसल्ल्यावरूनच मला म्हणाल्या, “अनजाने में हुआ, अल्लाह माफ करनेवाला है. पन तू पूछी कैकू नहीं?”

मी शिक्षिका. वर्गातल्या अठ्ठेचाळीस मुलांना रोज सांगते, कळलं नाही तर हात वर करा. मला उत्तर सुचलं नाही.

रात्री लेक माझ्याजवळ येऊन बसली. मला वाटलं होतं, ती चूक कबूल करील. तसं झालं नाही, आणि बरं झालं, कारण तिने खरं ते सांगितलं. ऑफिसात सगळे मिळून जेवण मागवतात. एकदा तिने ‘हलाल आहे का’ असं विचारलं, तेव्हा कोणी वाईट बोललं नाही, पण सगळ्यांचे चमचे क्षणभर थांबले. “मम्मी, मला जेवायचं असतं. ओळखपत्र दाखवायचं नसतं.” तेव्हापासून ती ऑफिसात डब्यातलंच खाते आणि वजन कमी करायचंय असं सांगते. मला हे ठाऊकच नव्हतं. मी रोज तिचा डबा भरत होते आणि पोरगी घरचं खाते म्हणून खूश होत होते.

पुढचे पंधरा दिवस मी थाई स्वयंपाकाच्या मागे लागले. शाळेत मी उर्दू आणि मराठी शिकवते, त्यामुळे शब्दाच्या मागे लागायची सवय आहेच. निम्मा मसाला आपल्या ओळखीचा निघाला. सूपमध्ये असतो तो गवती चहा. जाडजूड आल्यासारखं असतं ते ‘खा’, म्हणजे घसा बसल्यावर पानवाल्याकडून आणतो ते कुलिंजन. हकिमांच्या नुस्ख्यांत तेच खोलंजान म्हणून येतं. ‘तोम’ म्हणजे उकळणं, म्हणून ‘तोम खा’ म्हणजे कुलिंजन घालून उकळलेलं, नारळाच्या दुधातलं सूप. परतलेल्या भाजीतली पानं खरोखरच तुळशीची. थाई लोक तिला ‘क्रपाओ’ म्हणतात. करीतली पानं वेगळी, ती सब्जाच्या जातीची. मिरची मात्र त्यांचीही नव्हे. ती अमेरिका खंडातली, पोर्तुगीज सोळाव्या शतकात आशियात आले त्यानंतर तिकडे पोहोचली आणि इकडेही.

मिठाचं काम तिकडे ‘नाम प्ला’ करतं. लहान मासे आणि मीठ मोठ्या पिंपांत थरावर थर भरून वर्षभर, कधी त्याहून जास्त, ठेवतात आणि खाली सुटलेलं पाणी गाळून घेतात. वासाने आधी माणूस दचकतो. माझ्यासारख्या कोकणातल्या बाईला मात्र खारवलेल्या मासळीची आठवण येते. दुसरी वस्तू ‘कापी’, म्हणजे जवळ्यासारखी बारीक कोळंबी मिठात आंबवून, वाटून केलेला गोळा. बहुतेक करींच्या वाटणात तो असतोच. आणि तिसरा कालवांचा सॉस. तो मूळचा चिनी, पण थाई कढईत चांगलाच रुळला आहे. हलालचा विचार आपण फक्त कोंबडी-बकऱ्याशी जोडतो आणि भाजी निर्धास्त खातो, पण थाई हॉटेलात खरी मेख या तीन बाटल्या-डब्यांत आहे. त्या दिवशी शेजारच्या टेबलावर एक कुटुंब होतं, त्यांनी कांदा-लसूण नको असं बजावून तीच भाजी मागवली होती. त्यांना तर हा प्रश्न आमच्याहून जास्त पडायला हवा.

शोधताना एक गंमत सापडली. थाई करींमध्ये एक आहे मस्समन. दालचिनी, वेलदोडे, लवंग, जायफळ, चिंच, बटाटे, शेंगदाणे आणि नारळाचं दूध. नावाचा अर्थ चक्क ‘मुसलमानी’. मुसलमान या शब्दाचंच ते जुनं थाई रूप. हा पदार्थ तिथे कसा पोहोचला याबद्दल एक मत असं की सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इराणच्या कुम शहरातून शेख अहमद नावाचे व्यापारी अयुथ्थयाच्या दरबारी आले, मोठ्या हुद्द्याला चढले, आणि त्या वर्तुळातून हा रस्सा राजवाड्यात गेला. दुसरं मत दक्षिणेकडच्या मलय मुसलमानांकडे बोट दाखवतं. पुढे दुसरा राम या नावाने राजा झालेल्या राजपुत्राने खाद्यपदार्थांवरच्या आपल्या कवितेत मस्समनची तारीफ केली, एवढं मात्र पक्कं. थायलंडच्या दक्षिणेला पट्टनी, याला, नराथिवात या प्रांतांत आजही बहुसंख्य लोक मुसलमान आहेत. त्यांची बिर्याणी ‘खाओ मोक’, वर तळलेला कांदा, सोबत आंबट हिरवी चटणी. वाचता वाचता मला भूक लागली.

मग मी आणि मुलांचे अब्बा दोघंच एका दुपारी चार वाजता त्या हॉटेलात गेलो. वेळ मुद्दाम निवडली. गर्दीच्या वेळी वेटरला असे प्रश्न विचारले की तो ‘हां हां, सब ठीक है’ म्हणून मोकळा होतो, त्यात त्याचीही चूक नसते. चार वाजता आचारी मोकळा होता. मणिपूरकडचा तरुण मुलगा, बोलायला सौम्य. मी वहीत प्रश्न लिहून नेले होते, ते पाहून तो हसला आणि त्याने आम्हाला सरळ आत नेलं. चिकन कोंढव्यातूनच येतं, त्याने बिल दाखवलं. दुकान आमच्या ओळखीचं. डुकराचं काही तिथे होत नाही. वाईन दोन पदार्थांत पडते, त्यांची नावं सांगितली. मग त्याने फळीवरच्या दोन बाटल्या खाली काढल्या. दोन्ही सारख्याच उंचीच्या, आतला रस सारखाच काळा. एकीवर कालवं, दुसरीवर अळंबी. “व्हेज के लिए ये,” तो अळंबीच्या बाटलीवर बोट ठेवून म्हणाला. मी त्याला त्या शनिवारचं विचारलं. तो थांबला. त्या दिवशी तो सुट्टीवर होता. “दूसरा लडका था. पक्का नहीं बोल सकता, मॅडम.” पक्कं नाही असं तो म्हणाला, तेव्हाच माझा त्याच्या बाकीच्या सगळ्या बोलण्यावर भरवसा बसला.

मस्समनचं विचारलं तर त्याने वाटणाचा तयार डबा काढला. थायलंडहून आलेला, त्यावर अरबी लिपीत ठळक हलाल. थायलंडची मध्यवर्ती इस्लामी परिषद असा शिक्का देते. मी खूश झाले आणि सवयीने बारीक अक्षरंही वाचली. त्यात कोळंबी होती. साहजिकच आहे, दक्षिण थायलंडचे मुसलमान माझ्यासारखेच शाफई, त्यांना कोळंबीची काय अडचण? म्हणजे नाव मुसलमानी, शिक्का हलालचा, आणि तरी माझ्या सासूबाईंच्या ताटात तो रस्सा येऊ शकत नव्हता. मी हे त्या आचाऱ्याला समजावून सांगितलं तर त्याला फार मजा वाटली. म्हणाला, एक दिवस आधी फोन करा, वाटण मी हाताने करतो, कापी घालणार नाही, मीठ वाढवतो.

घरी येऊन हे सगळं सासूबाईंना सांगितलं. दोन बाटल्यांची गोष्ट त्यांनी शांतपणे ऐकली. “मग त्या दिवसाचं अल्लाहलाच ठाऊक,” एवढंच म्हणाल्या.

फोन करायचं मी मुद्दाम लेकीवर सोपवलं. ती आधी गॅलरीत गेली, मग परत आली आणि आमच्यासमोरच बोलली. “माझी दादी कोळंबी खात नाही, कालवं खात नाही. मस्समनचं वाटण त्याशिवाय हवंय, आणि कढई धुतलेली.” पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. तिने सांगितलं, “नाही, अॅलर्जी नाही. खात नाही.” आणि टेबल किती जणांचं, ते सांगू लागली. ऑफिसात ती कधी बोलेल, बोलेल की नाही, मला माहीत नाही. मी विचारलेलं नाही. डबा अजून भरते.

शुक्रवारी संध्याकाळी गेलो. थाई लोक चमच्याने जेवतात, काटा फक्त घास चमच्यावर लोटायला. धाकट्याने हे दादींना मोठ्या गांभीर्याने शिकवलं. त्यांनी दोन घास तसे खाऊन पाहिले, मग बिस्मिल्लाह म्हणून हातानेच भात कालवला. लेकीने इकडेतिकडे पाहिलं नाही. मस्समन आलं. चिकन, मोठे बटाटे, तपकिरी दाट रस्सा, वर भाजके शेंगदाणे. सासूबाईंनी बटाटा फोडला, रस्सा चाखला, डोळे मिटून पुन्हा चाखला.

“ये तो अपना आलू गोश्त है,” त्या म्हणाल्या. “बस, मूंगफल्ली डाल दिए.”

आचारी दाराशी उभा राहून बघत होता. त्याला वाटलं काही चुकलं. लेकीने त्याला हिंदीत समजावलं, तेव्हा तो आत जाऊन वाटीभर रस्सा आणखी घेऊन आला, आणि सासूबाई त्याला विचारू लागल्या की दालचिनी भाजून घेतोस की कच्चीच.

मी माझ्यासाठी कोळंबीचं तोम यम मागवलं होतं. ते आलं तेव्हा सासूबाईंनी आपलं ताट जरा सरकवून घेतलं, टेबलावरच्या लिंबाच्या फोडी उचलल्या आणि माझ्या वाटीजवळ ठेवल्या.