मोटारसायकलीचें तेल : निवड आणि मिश्रण

ज्या घरांत पूर्वीं बैलजोडीवांचून कांहींच चालत नसे, त्या घरांत आज दुधाच्या किटल्या डेअरीवर पोंचविण्यास, खताचें पोतें आणण्यास व तालुक्याच्या कचेरीस जाण्यास मोटारसायकल लागते. बैलगाडीच्या आंसास हातीं येईल तें वंगण चाले. तीच संवय आपण मोटारसायकलीसही लावली आहे. ही संवय मोडली पाहिजे असें आमचें मत आहे, आणि तें आम्हीं दंड भरून बनविलें आहे.

आमच्या शंभर सी. सी. च्या गाडीचें तेल बदलण्याची वेळ आली तेव्हां पुतण्याच्या मोटारीचें तेल घरांत उरलें होतें. तें मोटारीचें व महाग, म्हणजे उत्तमच असणार, अशा समजुतीनें आम्हीं तें भरलें. पुढें चढावर किटल्या घेऊन जातांना इंजिन ओरडे, पण गाडी सरकेना. मिस्त्रीनें क्लच उघडला तों प्लेटा जळालेल्या. बाटलीचे पैसे वांचले. प्लेटांचे व मजुरीचे गेले, आणि दोन दिवस दूध शेजाऱ्याच्या उपकारावर गेलें.

यांतील कारण समजून घेण्याजोगें आहे. मोटारीचा क्लच बहुधा कोरडा असून इंजिनाच्या तेलापासून वेगळा असतो. आपल्या नेहमींच्या मोटारसायकलींत मात्र इंजिन, गिअर व क्लच हीं तिन्ही एकाच तेलांत चालतात. मोटारीच्या इंधन वांचविणाऱ्या तेलांत घर्षण कमी करणारीं द्रव्यें घातलेलीं असतात. तीं इंजिनास मानवतात. परंतु ज्या प्लेटांनीं एकमेकींस घट्ट धरावयाचें, त्या त्यांमुळें घसरूं लागतात. याकरितां १९९८ सालीं जपानांत मोटारसायकलीच्या तेलाचें 'जासो' हें स्वतंत्र मानक ठरलें. त्यांत 'एमए' व 'एमए२' हीं तेलांत चालणाऱ्या क्लचचीं, तर 'एमबी' हें बिनगिअरच्या स्कूटरसारख्या कोरड्या क्लचच्या वाहनाचें. सुनेच्या स्कूटरची बाटली आपल्या गाडींत कां ओतूं नये, याचें उत्तर या दोन अक्षरांत आहे.

जमीन घेतांना आपण चावडीवरील गप्पांवर विसंबत नाहीं, सातबारा पाहतों. गाडीबरोबर मिळालेली पुस्तिका हाच तेलाचा सातबारा होय. तींत तीन नोंदी पाहाव्या. पहिली जाडीची, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-५०. 'डब्ल्यू' म्हणजे हिंवाळा. त्याच्या आधींचा आंकडा जितका लहान, तितकें तेल थंडींत लवकर वाहतें; नंतरचा जितका मोठा, तितकें तें तापलेल्या इंजिनांत जाड राहतें. दुसरी नोंद दर्जाची : 'एसएल', 'एसएन' वगैरे. यांत 'एस' पेट्रोल इंजिनाचा, 'सी' डिझेलचा. तिसरी नोंद वर सांगितलेल्या 'जासो'ची. तिन्ही जुळल्या कीं बाटलीवरील चित्र व दुकानदाराची स्तुति यांस किंमत देण्याचें कारण नाहीं.

ट्रॅक्टरची बादली घरांत असते म्हणून मोह होतो. तें तेल मोठ्या डिझेल इंजिनाकरितां केलेलें व बहुधा १५डब्ल्यू-४० जाडीचें असतें. १०डब्ल्यू-३० मागणाऱ्या लहान इंजिनास तें जड, आणि डब्यावर 'एमए' लिहिलेलें नसेल तर क्लचची हमी कोणीच देत नाहीं. ट्रॅक्टरच्या गिअरचें व हायड्रॉलिकचें तेल तर इंजिनाचें तेलच नव्हे.

आतां मिश्रणाविषयीं. दोन कंपन्यांचीं, किंवा खनिज व सिंथेटिक तेलें एकत्र आलीं तर तीं दह्यासारखीं फाटतात, ही समजूत खोटी आहे. वाटेंत तेल खुणेखालीं गेलें व आपली बाटली मिळेना, तर त्याच जाडीचें 'एमए' तेल थोडें घालून घरीं यावें. तेलावांचून गाडी चालविणें हें त्याहून शतपट वाईट. परंतु अडचणीचा उपाय हा रोजचा रिवाज होऊं नये. १०डब्ल्यू-३० व २०डब्ल्यू-५० अर्धे अर्धे मिसळल्यास जें तयार होतें, त्याचें वर्णन कोणत्याही बाटलीवर नसतें. महाग तेल स्वस्तांत ओतल्यानें स्वस्ताचें महाग होत नाहीं. तसेंच, जुन्या दोन-स्ट्रोक गाड्यांच्या आठवणीनें चार-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलांत तेल घालणारे अद्याप आढळतात. त्या गाड्यांस तें आवश्यक होतें; या गाड्यांस त्यापासून धूर व काजळलेला प्लग एवढाच लाभ. खुणेवर तेल भरणेंही तितकेंच वाईट. त्यास फेंस येतो व इंजिनावर ओझें पडतें.

आमची सूचना अशी कीं, आपल्या संस्थेच्या दुकानांत गांवांतील गाड्यांस लागणारीं तेलें सीलबंद ठेवावीं, सुटें तेल विकूं नये, व कोणत्या गाडीस कोणतें हें पुस्तिकेवरून लिहून भिंतीवर लावावें. खर्च एका कागदाचा आहे. प्रत्येक बंधूनें तेल बदलल्याची तारीख, किलोमीटर व बाटलीवरील तिन्ही नोंदी वहींत टिपाव्या. पुष्कळ वर्षें दप्तर सांभाळल्यावर आम्हांस एवढें कळलें आहे कीं, ज्याची नोंद असते त्याचा तंटा राहत नाहीं. मग तो बांधाचा असो कीं क्लचचा.